चांद कॅमेऱ्याला दिसला, तर?

रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी आमच्या गल्लीत सर्वांत जास्त घाई कुणाला असेल, तर ती दूधवाल्याला. इफ्तार होऊन मगरिबची नमाज संपते न संपते तोच त्याचा फोन येतो, "भाई, लवकर सांगा. ईद उद्या की परवा?" त्याचा प्रश्न धर्माचा नसतो, हिशेबाचा असतो. शिरखुर्म्यासाठी घरोघरी जादा दूध लागतं. ईद उद्या असेल तर ते आज रात्रीच जमवायला हवं, परवा असेल तर आज जमवलेलं नासणार. शिंपी, बांगडीवाले, शेवयावाले, सुट्टीची वाट बघणारी शाळकरी मुलं, सगळे त्या संध्याकाळी एकाच प्रश्नापाशी अडकलेले असतात. चांद दिसला का?

इस्लामी महिना चंद्रकोरीवर चालतो. एकोणतिसाव्या संध्याकाळी कोर दिसली तर महिना संपला, नाही दिसली तर तीस दिवस पुरे करायचे. नियम इतका साधा आहे. तरीही दरवर्षी कुठे ना कुठे वाद होतोच. माझा भाचा दुबईत आहे. त्याची ईद बहुतेक वेळा आमच्या एक दिवस आधी होते आणि त्या दिवशी आमचा रोजा असतो. तो तिकडून शिरखुर्म्याचा फोटो पाठवतो, आम्ही इकडून जीभ आवरतो.

अलीकडे या वादात एक नवा साक्षीदार आला आहे, तो म्हणजे कॅमेरा. भर दिवसा, सूर्य डोक्यावर असताना दुर्बिणीला जोडलेल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या कोरीची चित्रं व्हॉट्सॲपवर फिरतात. अबुधाबीजवळच्या अल खातिम वेधशाळेची अशी चित्रं अनेकांनी पाहिली असतील. मग आमची तरुण मुलं म्हणतात, "बघा, चांद दिसलाय. तुमचे मौलाना ऐकत का नाहीत?" आणि माझे हिंदू मित्र अर्ध्या गमतीने विचारतात, "चांद्रयान चंद्रावर जाऊन उतरलं. तुम्ही अजून गच्चीवर उभे! लावा एक चांगला कॅमेरा आणि मिटवा भांडण."

हा सल्ला मी मनावर घेतला. कॅमेरा लावायच्या आधी तो चंद्र बघतो तरी कसा, हे समजून घ्यावं म्हणून वाचायला बसलो. जे हाती लागलं, ते भांडण मिटवणारं नव्हतं. पण गच्चीवर उभं कसं राहावं, हे मला त्यातून नव्याने कळलं.

काचेपासून सिलिकॉनपर्यंत

शंभर वर्षांपूर्वीचे खगोलशास्त्रज्ञ काचेच्या पट्टीवर फोटो काढत. काचेवर चांदीच्या क्षारांचा लेप असे. प्रकाश पडला की तो काळवंडे. याच काचांनी विश्वाची ओळख करून दिली, पण त्या फार उधळ्या होत्या. शंभर प्रकाशकण काचेवर पोहोचले तर त्यांतल्या जेमतेम एक-दोघांची नोंद होई, बाकीचे वाया. कोट्यवधी वर्षं प्रवास करून आलेला प्रकाश दारापर्यंत यावा आणि दार बंद असावं, असला प्रकार.

ऑक्टोबर १९६९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ हे दोघे फळ्यासमोर बसले. त्यांना कॅमेरा बनवायचा नव्हता. संगणकाची स्मृती साठवण्याची नवी युक्ती ते शोधत होते. तासाभराच्या चर्चेत त्यांनी जो आराखडा काढला, त्याला पुढे सीसीडी हे नाव मिळालं. सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटे होतात, त्यामुळे हीच चकती चित्रही टिपू शकेल, हे लवकरच ध्यानात आलं. त्याच संस्थेतल्या मायकेल टॉम्पसेट यांनी तिला चित्र टिपणाऱ्या उपकरणाचं रूप दिलं. बॉइल आणि स्मिथ यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं.

सीसीडी कसं चालतं, हे समजायला आमच्या मस्जिदीतली इफ्तारची रांग डोळ्यांसमोर आणा. समजा, रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात एक पेला आहे आणि वरून पाऊस पडतो आहे. कुणाच्या पेल्यात जास्त पाणी जमेल, कुणाच्या कमी. पाऊस थांबला की प्रत्येकाने आपला पेला शेजाऱ्याला द्यायचा. टोकाला बसलेला माणूस येईल तो पेला मोजून वहीत लिहील. असे सरकत सरकत सगळे पेले मोजले गेले की कुठे किती पाऊस पडला, त्याचा नकाशा तयार होतो. पाऊस म्हणजे प्रकाश, पेला म्हणजे एक पिक्सेल, पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन.

खरी मेहनत पेले सरकवण्यात आहे. दर वेळी हात बदलताना हजारात एक थेंब जरी सांडला, तर हजार हात ओलांडून आलेल्या पेल्यात मूळ पाण्याचा जेमतेम ३७ टक्के भाग उरतो. सगळं चित्रच खोटं होऊन जाईल. म्हणून शास्त्रीय सेन्सर बनवणाऱ्यांनी सांडणं लाखात एक थेंबापर्यंत खाली आणलं. मग हजार हातांनंतरही ९९ टक्के पाणी टिकतं. दुसरी अडचण अशी की चकतीच्या पुढच्या बाजूला तारांचं जाळं होतं, ते प्रकाश अडवायचं. त्यांनी चकती घासून काही मायक्रॉन इतकी पातळ केली आणि प्रकाश मागच्या बाजूने आत घेतला. त्यानंतर शंभरातले ऐंशी-नव्वद प्रकाशकण नोंदले जाऊ लागले. म्हणजे काचेच्या जागी सीसीडी लावली की दुर्बीण तीच, आरसा तोच, पण ती जणू कितीतरी पट मोठी झाली.

अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले जेम्स जेनेसिक यांचं नाव या कामात पुन्हा पुन्हा येतं. १९७०च्या दशकाच्या मध्यात त्यांनी आणि ॲरिझोना विद्यापीठाच्या ब्रॅडफर्ड स्मिथ यांनी टूसॉनजवळच्या डोंगरावरील ६१ इंची दुर्बिणीला सीसीडी लावून युरेनसची चित्रं घेतली. खगोलशास्त्रज्ञांचा विश्वास बसायला अशीच प्रात्यक्षिकं लागली. पुढे गुरूकडे गेलेल्या गॅलिलिओ यानात आणि १९९०च्या एप्रिलमध्ये सुटलेल्या हबल दुर्बिणीत सीसीडी बसली. आपल्याकडे जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून काम करते आहे. तिच्या मागेही डोळा लावून कुणी बसत नाही. तिथेही सीसीडीच बसते.

आधी अंधाराचा फोटो

मला सर्वांत जास्त थांबवलं ते या पुढच्या भागाने.

सीसीडी पूर्ण अंधारात ठेवली, झाकण घट्ट लावलं, तरी तिच्यातून कोरं चित्र येत नाही. त्यात ठिपके असतात, धूसर डाग असतात. प्रकाशाचा एक कणही आत आलेला नसताना सेन्सर म्हणतो, "मला काहीतरी दिसतंय." कारण सिलिकॉनच्या स्वतःच्या उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि पेल्यात जाऊन बसतात. पाऊस नसताना पेला ओला होतो, तो हाताच्या घामाने.

यावर शास्त्रज्ञांनी दोन उपाय केले. पहिला म्हणजे सेन्सर थंड करणं. तापमान साधारण सहा-सात अंशांनी उतरलं की हा घाम निम्मा होतो. म्हणून मोठ्या दुर्बिणींचे सेन्सर शून्याखाली शंभर अंशांच्या आसपास ठेवतात. चिलीमधल्या सेरो पाचोन डोंगरावर व्हेरा रुबिन वेधशाळेचा कॅमेरा आहे. त्यात १८९ सेन्सर मिळून ३,२०० मेगापिक्सेल होतात. जून २०२५ मध्ये त्याची पहिली चित्रं जगाने पाहिली. तोही अशाच थंडीत काम करतो.

दुसरा उपाय त्याहून सुंदर आहे. आकाशाचा फोटो काढण्याइतक्याच काळजीने झाकण लावून, तेवढाच वेळ, तेवढ्याच तापमानाला अंधाराचा फोटो काढायचा. मग आकाशाच्या फोटोतून तो वजा करायचा. जे उरेल, ते आकाशाकडून आलेलं. जे वजा झालं, ते आपलं स्वतःचं.

आणखी एक फोटो लागतो. सेन्सरचे सगळे पिक्सेल सारखे नसतात. काही जरा तरतरीत, काही सुस्त. काचेवर धूळही बसलेली असते. हा भेद ओळखण्यासाठी सारख्या उजेडाच्या, कोऱ्या पृष्ठभागाचा फोटो घेतात. त्यासाठी अनेक वेधशाळा कोणता कोरा कागद वापरतात? सूर्यास्तानंतरचं संधिप्रकाशातलं आकाश. आम्ही खजूर हातात घेऊन अजानची वाट पाहत असतो, त्याच सुमारास कुठल्यातरी डोंगरावर एखादा खगोलशास्त्रज्ञ रिकाम्या आकाशाकडे दुर्बीण वळवून आपल्या यंत्राचे दोष मोजत असतो.

या शिस्तीची ताकद १९९५ च्या डिसेंबरात दिसली. हबलचं काम पाहणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी ठरवलं की दुर्बीण दहा दिवस आकाशाच्या एका अशा तुकड्याकडे रोखायची, जिथे काहीच नाही. पूर्ण चंद्राच्या रुंदीचा साधारण बारावा हिस्सा, एवढा तो तुकडा. महागड्या दुर्बिणीचा वेळ वाया जाईल, असं सांगणारे जाणकार होते. ३४२ फोटो घेतले गेले. त्यांतून सेन्सरचा स्वतःचा गोंगाट काळजीपूर्वक काढून टाकला, तेव्हा त्या 'रिकाम्या' जागेत सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या.

"बेटा, टोकं कुठल्या बाजूला होती?"

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे.

मी एकोणीस वर्षांचा असेन. एकोणतिसावा रोजा होता, पश्चिमेला ढगांचे पुंजके होते. मस्जिदीच्या गच्चीवर आम्ही वीस-पंचवीस जण होतो. एक मुलगा ओरडला, "वो देखो!" सगळ्यांची बोटं तिकडे गेली. "हां, हां, दिखा!" माझंही बोट वर गेलं. मीही "दिखा" म्हणालो. आज खरं सांगतो, मला काहीही दिसलं नव्हतं. ढगाची एक उजळ कड होती आणि मनात ईदची ओढ होती.

ढगाळ हवेत ईदच्या चांदासाठी किमान दोन विश्वासू साक्षीदार लागतात, अशी आमच्याकडची रीत. खाली मौलाना साहेबांनी आम्हाला एकेकट्याला बाजूला घेतलं. मला विचारलं, "बेटा, कोरीची टोकं कुठल्या बाजूला होती? सूर्य बुडाला त्याच्या डावीकडे की उजवीकडे? किती वर?" मी गडबडलो. म्हणालो, टोकं खाली होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, काही बोलले नाहीत आणि वहीत माझं नाव लिहिलं नाही. कोरीची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते. सूर्य नुकताच खाली बुडालेला असताना टोकं खाली असूच शकत नाहीत. त्या रात्री आमच्या गावात चांद जाहीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी तिसावा रोजा झाला.

माझी साक्ष मानली गेली असती, तर शेकडो माणसांचा एक रोजा माझ्या एका शब्दावर बुडाला असता. ती लाज मी बरीच वर्षं बाळगून होतो. सेन्सरबद्दल वाचताना कळलं की मौलाना साहेबांनी त्या दिवशी नेमकं तेच केलं होतं, जे वेधशाळेत करतात. त्यांनी माझ्या साक्षीतून माझा अंधार वजा केला होता.

हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल हैथम यांनी प्रकाशावर 'किताब अल मनाझिर' हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसतं, ही जुनी समजूत त्यांनी खोडून काढली. वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो, तेव्हा आपण पाहतो, असं त्यांनी मांडलं. डोळा कुठे कुठे फसतो, याचीही त्यांनी बारकाईने चिकित्सा केली. पाहणं म्हणजे येणाऱ्या प्रकाशाला आत घेणं, आपल्या मनातलं बाहेर फेकणं नव्हे. गच्चीवरच्या एकोणीस वर्षांच्या पोराने नेमकं उलटं केलं होतं.

मग कॅमेरा लावायचा का?

आता मित्रांच्या प्रश्नाकडे येतो. कोर डोळ्याला दिसायला चंद्र सूर्यापासून पुरेसा दूर जावा लागतो. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ यांनी विसाव्या शतकात ही मर्यादा सुमारे सात अंश सांगितली. चंद्र दर तासाला साधारण अर्धा अंश सूर्यापासून सरकतो. म्हणजे अमावास्येनंतर साधी नजर कोर पकडू शकायला बरेच तास जावे लागतात.

कॅमेऱ्याला ही मर्यादा राहिलेली नाही. ८ जुलै २०१३ रोजी फ्रान्सचे छायाचित्रकार थिएरी लेगो यांनी पॅरिसजवळच्या एलाँकूर गावातून चंद्रकोरीचा फोटो घेतला, तो अमावास्येच्या नेमक्या क्षणाला. आपल्याकडे तेव्हा दुपारचा पाऊण वाजला होता. चंद्र सूर्यापासून फक्त ४.४ अंशांवर होता. भोवतालचं आकाश त्या कोरीपेक्षा शेकडो पट उजळ होतं. त्यांनी सूर्याचा उजेड अडवणारा पडदा लावला, डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात चित्रं घेतली आणि आकाशाच्या झगमगाटातून केसासारखी कोर वेगळी काढली. चंद्राचं वय त्या फोटोत शून्य आहे.

योगायोग पाहा, ती अमावास्या त्या वर्षीच्या रमजानच्या आधीची होती. तरी सौदी अरेबियात पहिला रोजा १० जुलैला झाला. फोटो होता, महिना सुरू झाला नव्हता.

हे कळल्यावर मला वादाची गाठ दिसली. योग्य कॅमेरा असेल, आकाश निरभ्र असेल, तर चंद्र कुठल्याही दिवशी टिपता येण्याइतपत मजल गेली आहे. मग "कॅमेऱ्याला दिसला" याला महिन्याची सुरुवात ठरवणारी रेघ म्हणून अर्थ राहत नाही. कॅमेरा अमावास्येच्या क्षणापर्यंत मागे जाणार असेल, तर तो क्षण गणिताने आधीच सेकंदापर्यंत माहीत आहे. कॅमेऱ्याची गरजच काय? तुर्कस्तान गणितानेच महिने ठरवतो. उत्तर अमेरिकेच्या फिक्ह कौन्सिलनेही २००६ मध्ये गणिताचा मार्ग घेतला. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी अजून नजरेची साक्ष मानतात. हे सगळे मार्ग विचारपूर्वक निवडलेले आहेत. यांतला कोणता आपला, हे माणसांनी एकत्र बसून ठरवायचं असतं. सेन्सर चंद्र दाखवेल. "आम्ही कशाला चांद दिसणं म्हणू" हे तो ठरवू शकत नाही. त्यामुळे भाच्याच्या ईदला मी चुकीची म्हणत नाही, आणि आमच्या मौलानांना मागासही म्हणत नाही.

मग विज्ञानाचा उपयोग नाही का? आहे, आणि मोठा आहे. ज्या संध्याकाळी चंद्र सूर्याच्या आधीच मावळणार आहे, त्या संध्याकाळी "दिसला" म्हणणाऱ्याची साक्ष चुकीची आहे, हे गणित आधीच सांगतं. अनेक वाद तेवढ्यानेही टळतील. व्हॉट्सॲपवरचं भर दुपारचं चित्र पुढे ढकलण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते चित्र खरंही असू शकतं, पण त्याने संध्याकाळी डोळ्याला कोर दिसेल, हे सिद्ध होत नाही.

आज हा सेन्सर सगळ्यांच्या खिशात आहे. १९९०च्या दशकात एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत यानांसाठी हलका, कमी वीज खाणारा सीमॉस सेन्सर घडवला. त्याचीच भावंडं आपल्या मोबाइलमध्ये आहेत. यानासाठी घडलेला डोळा आता गच्चीवरच्या प्रत्येक पोराच्या हातात आहे. त्या संध्याकाळी तो पश्चिमेकडे रोखून मुलं झूम करत राहतात आणि पडद्यावर एखादा पांढरा ठिपका उमटला की ओरडतात, "वो देखो!"

मी त्यांना रागावत नाही. फक्त त्यांच्या शेजारी उभा राहतो आणि विचारतो, "टोकं कुठल्या बाजूला आहेत?" बहुतेक वेळा हसतात आणि पुन्हा बघू लागतात. मागच्या ईदला एक बारा वर्षांचा मुलगा बराच वेळ बघून म्हणाला, "चाचा, सगळ्यांना दिसतोय. मला नाही दिसत." मी त्याला सांगितलं, "मग तू तेच सांग."

तेवढ्यात दूधवाल्याचा फोन आला. मी म्हटलं, "दादा, मला अजून दिसलेला नाही. मस्जिदीतून जाहीर झालं की कळवतो." तो म्हणाला, "बरं, मी गाडी काढून ठेवतो."